ओट्स खावेत की पेजच बरी?

डिचोली तालुक्यातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. जागेअभावी त्यातील मुद्द्याचा भाग तेवढा येथे देत आहे.

"माझे वय ४९ असून यजमान ५६ वर्षांचे आहेत. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मार्चमधील तपासणीत त्यांची उपाशीपोटी साखर १३८, तीन महिन्यांची सरासरी ७.४ आणि एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १४८ आले. डॉक्टरांनी तेव्हा साखरेच्या गोळ्या चालू ठेवून कोलेस्टेरॉलसाठी रात्रीची एक गोळी नव्याने सुरू केली. बंगळुरूला नोकरीस असलेला मुलगा तेव्हापासून दर महिन्याला ओट्सची खोकी पाठवतो. घरातली सकाळची पेज बंद झाली. यजमान साडेसातला मसाला ओट्सची दोन पाकिटे खाऊन कचेरीत जातात, पण साडेदहापर्यंत त्यांना भुकेने हातपाय गळाल्यासारखे होते आणि मग कॅन्टीनमध्ये पातळ भाजी, दोन पाव आणि मिरचीची भजी होतात, असे ते स्वतःच सांगतात. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात की घोड्याचा चारा माणसांना घालता आणि चांगली उकड्या तांदळाची पेज टाकता. मोबाइलवर एक संदेश येतो की ओट्स म्हणजे अमृत, दुसरा येतो की त्यांत तणनाशक असते आणि ते अंगातले लोह पळवतात. माझे हिमोग्लोबिन ९.८ आहे आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणून मी त्या वाटेला जात नाही, नाचणीचे तिझान घेते. ओट्स चांगले की वाईट, हे एकदा स्पष्ट सांगावे. आणखी एक, ओट्सने कोलेस्टेरॉल उतरते असे वाचल्यापासून यजमानांनी रात्रीची गोळी दीड महिन्यापूर्वी बंद केली आहे. डॉक्टरांना अजून सांगितलेले नाही."

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे तुम्ही लिहिलेले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराचा आरंभ तिथूनच करते. यजमानांनी गोळी स्वतःहून थांबवली आहे, ही गोष्ट त्यांनी याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घालावी आणि त्यांच्या सांगण्यानुसार ती पुन्हा सुरू करावी. ओट्सने कोलेस्टेरॉल उतरते हे त्यांनी जे वाचले ते खोटे नाही. ते किती उतरते, हा आकडा मात्र त्या मजकुरात दिलेला नसावा. ओट्समधील बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू दररोज ३ ग्रॅम इतका पोटात गेला, तर एलडीएल सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते. यजमानांच्या १४८ मधून ५ ते ७ टक्के वजा केले तर १४० च्या आसपासचा आकडा येतो. याउलट मध्यम मात्रेतील स्टॅटिन जातीच्या गोळीने एलडीएल ३० टक्के आणि त्याहूनही अधिक उतरते, म्हणजे तेच १४८ शंभराच्या जवळ येऊ शकतात. शिवाय मधुमेह असलेल्या माणसाला ही गोळी केवळ अहवालातील आकडा सुधारावा म्हणून दिली जात नाही. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या सांभाळणे हा तिचा खरा हेतू असतो. ओट्स त्या गोळीच्या जोडीला बसू शकतात, तिच्या जागी बसू शकत नाहीत. गोळीने अंग दुखते किंवा पोट बिघडते अशी काही तक्रार असेल आणि बंद करण्याचे खरे कारण ते असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, कारण मात्रा बदलता येते आणि गोळीही बदलता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. ओट्सचा जो गुण सिद्ध झालेला आहे तो मुख्यतः या एका तंतूचा आहे. बीटा-ग्लुकान पाण्यात फुगते आणि चिकट, पेजेच्या निवळीहून दाट असा लगदा तयार होतो. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तरस बनवते, तो आतड्यात येतो आणि एरवी बराचसा परत शोषला जाऊन पुन्हा वापरला जातो. ओट्सचा लगदा त्यातील काही भाग अडकवून शौचावाटे बाहेर नेतो, यकृताला नवा पित्तरस बनवावा लागतो आणि त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल ते रक्तातून ओढून घेते. त्याच लगद्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या खोक्यांवर हृदयविकाराविषयीचा दावा छापण्यास परवानगी दिली ती या आधारावर, आणि तिच्यात दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकानची अट घातलेली होती. खोक्यावरचे हृदयाचे चित्र सर्वांना दिसते, ही अट मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात येते. चाळीस ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकान साधारण दीड ग्रॅमच असते, म्हणजे पूर्ण तीन ग्रॅमसाठी रोज सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम ओट्स न चुकता खावे लागतील. आठवड्यातून एकदा, जिममधून येताना हौसेने खाल्लेल्या वाटीचा कोलेस्टेरॉलवर काही परिणाम होत नाही.

मधुमेहात ओट्स देणे ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. इन्शुलिनचा शोध १९२१ साली लागला; त्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, कार्ल फॉन नूर्डेन हे जर्मन वैद्य आपल्या मधुमेही रुग्णांना काही दिवस जवळपास केवळ ओट्सवर ठेवत असत. औषधच हाती नसण्याच्या काळातला तो उपाय होता.

परंतु तुमच्या घरातील गोष्ट केवळ ओट्सच्या गुणांनी उलगडत नाही. कोणताही पदार्थ ताटात आला की तो कशाच्या तरी जागी येतो, आणि तो कशाच्या जागी आला यावर त्याचा नफातोटा ठरतो. तुमच्याकडे ओट्स पेजेच्या जागी आले आणि त्यांच्या मागोमाग पाव व भजीही आल्या. सकाळची पेज गेली, साडेदहाचा कॅन्टीनचा फेरा वाढला आणि हे दोन्ही एकत्र मोजले तर यजमान पूर्वीपेक्षा अधिक पिष्ट, अधिक तेल आणि अधिक मीठ खात आहेत. या हिशेबात ओट्सची बाजू घ्यावी असे मला वाटत नाही. आणि सगळा दोष ओट्सवर टाकणेही योग्य होणार नाही.

भूक साडेदहालाच का लागते, याची दोन कारणे संभवतात आणि त्यांतील एक गंभीर आहे. हातपाय गळणे, घाम सुटणे, छातीत धडधडणे, चिडचिड होणे ही लक्षणे रक्तातील साखर खाली गेल्याचीही असू शकतात. ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असेल तर हा धोका खराच असतो, आणि मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल तर तो फार कमी असतो. म्हणून यजमानांना पुन्हा असे वाटले की पाव मागवण्यापूर्वी बोटाला सुई टोचून साखर मोजायला सांगा. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण तेव्हा प्रश्न नाश्त्याचा नसून गोळीच्या मात्रेचा असतो.

आकडा व्यवस्थित असेल तर दुसरे कारण, आणि ते पाकिटात आहे. मसाला ओट्स तीन मिनिटांत शिजावेत म्हणून दाणा बारीक कापून, वाफवून, अगदी पातळ लाटलेला असतो. पचनाचे निम्मे काम कारखान्यातच उरकलेले असते, त्यामुळे असे ओट्स जाड ओट्सपेक्षा लवकर पचतात, साखर लवकर चढवतात आणि पोट लवकर रिकामे करतात. त्यात डाळ नाही, अंडे नाही, दही नाही; सोबतीला असलेल्या भाज्या म्हणजे वाळलेल्या गाजर-वाटाण्याचे मोजके कण. एरवी सकाळी दोन उंड्यांबरोबर, म्हणजे गोल पावांबरोबर, अळसाण्यांची, म्हणजे चवळीची उसळ खाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत काही लागत नाही याचे श्रेय उंड्यांचे नसते, उसळीचे असते.

पाकीट हातात आले की समोरची बाजू वाचू नका, मागची वाचा. आपल्याकडील नियमानुसार घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे पहिले ते सर्वांत जास्त. ओट्सची म्हणून विकली जाणारी कितीतरी बिस्किटे या एका नियमाने उघडी पडतात. तिथे पहिला क्रमांक मैद्याचा असतो, पाठोपाठ साखर आणि पामतेल असते, आणि ओट्सचा नंबर शेवटच्या पंगतीत लागतो. मसाला ओट्सच्या पाकिटावर सोडियमचा आकडा शोधा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मिठाचा अंदाज येईल. उदाहरणादाखल, पाकिटावर ४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेले असेल तर ते १ ग्रॅम मीठ झाले आणि दोन पाकिटांचे २ ग्रॅम झाले. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या घरात दुपारी हुमण, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा आणि लोणच्याची फोड असते, तिथे सकाळीच दोन ग्रॅम मीठ खर्ची घालणे परवडणारे नाही. यजमानांचा रक्तदाब तुम्ही लिहिलेला नाही, तोही एकदा पाहून घ्यावा.

तेव्हा मसाल्याची पाकिटे बंद करा आणि साधे, जाड, चपटे ओट्स आणा. कापलेल्या दाण्यांचे, म्हणजे स्टील-कट ओट्स मिळाले तर ते आणखी चांगले, परंतु ते शिजायला वीस-पंचवीस मिनिटे घेतात आणि सकाळच्या घाईत ते कुणाच्याने होत नाही, हे मी जाणते. रात्री भिजत ठेवून सकाळी कुकरला लावले तर जमते. एका वेळेस ४० ग्रॅम पुरेत. स्वयंपाकघरातील काट्यावर ते एकदा मोजा आणि आपल्या नेहमीच्या वाटीत कुठवर येतात त्याची खूण लक्षात ठेवा. इतक्या ओट्समधून सुमारे १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम तंतू मिळतात. दूध, मध, खजूर, मनुका आणि पिकलेले केळे घालून केलेली लापशी फोटोत सुंदर दिसते, पण मधुमेही माणसासाठी ती खीरच आहे. तुमच्या घरची चव सांभाळायची तर ओट्सची पेज करा. मिरची, कढीपत्ता आणि जिऱ्याची हलकी फोडणी, दीड पेला पाणी, चिमूटभर मीठ, वरून तांबड्या भाजीची चिरलेली पाने, आणि सोबत मोड आलेल्या मुगांची किंवा चवळीची वाटीभर उसळ, नाहीतर एक उकडलेले अंडे. ही उसळ पेजेची सोबतीण नसून नाश्त्याचा मुख्य भाग आहे असे समजून वाढा. ओट्स दळून त्यांचे पोळे करण्याची कल्पनाही वाचायला मिळते. अधूनमधून करायला हरकत नाही, पण पीठ केले की तो जाड दाण्याचा संथपणा गेला, हे ध्यानात असू द्यावे.

आता सासूबाईंच्या पक्षाकडे येते, कारण त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ओट्सना उत्तरेत जई म्हणतात आणि पंजाब-हरियाणाच्या बाजूला ती मुख्यतः गुराढोरांच्या चाऱ्यासाठी पेरली जाते, इथवर त्यांची माहिती बरोबर आहे. पण घोड्याला हरभरेही चारतात आणि कुळीथ तर इंग्रजीत घोड्याच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून पावसाळ्यात आपण कुळथाची पिठी सोडलेली नाही. त्यांच्या बोलण्यातील पेजेचा भाग मात्र मी उचलून धरते. माझ्या माहेरी, फोंडा तालुक्यात, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत काम करणाऱ्या माणसांना दहा-साडेदहाला पेज दिली जाई आणि ती माणसे सहा वाजल्यापासून उभी असत. उकडा तांदूळ तुसासकट उकडला जातो, तेव्हा कोंड्यातील ब गटाची काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात आणि तांदूळ सडून पांढरा केला तरी तिथे टिकून राहतात; पिष्टाची घडणही बदलते, त्यामुळे सुरय, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा तो साधारणपणे सावकाश पचतो. तांबूस कोंडा राखलेला उकडा असेल तर त्याहून चांगले. पेजेत निम्म्याहून अधिक पाणीच असते, तेव्हा पातळ पेजेच्या एका वाडग्यात तांदूळ जितका वाटतो तितका नसतो. गडबड होते ती शिते जास्त आणि निवळ कमी अशी दाट पेज दोनदा वाढून घेतली की, आणि तोंडी लावायला केवळ मिठाची कैरी असली की. तंतू आणि प्रथिने यांत पेज ओट्सच्या मागे आहे, हे सासूबाईंनाही मान्य करावे लागेल. कुळागरातले शरीरकष्ट संपले आणि खुर्चीतले काम आले, तरी वाडगा तोच राहिला, ही आपली खरी अडचण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. दर चार प्रौढांत एकाहून अधिक. या आकड्याला पेज एकटी जबाबदार नाही आणि पोदेराचा पावही एकटा नाही, पण सकाळी पाव, दुपारी भाताची रास, चार वाजता पुन्हा भजी-पाव किंवा बन आणि रात्री उरलेला भात, असा आपला दिवस असतो आणि त्यात डाळी-उसळी व भाज्या कडेला पडतात.

यावर वाद घालण्यापेक्षा घरातच तपासून पाहावे, असे माझे सांगणे आहे. यजमानांकडे साखर मोजण्याचे यंत्र नसेल तर आणा. एक दिवस दोन पावांचा नाश्ता, एक दिवस उसळीसह पेज, एक दिवस उसळीसह जाड ओट्स, अशी तीन दिवस पाळी लावा आणि प्रत्येक वेळी पहिला घास घेण्यापूर्वी एकदा व त्यानंतर बरोबर दोन तासांनी एकदा साखर मोजून वहीत लिहा. गोळ्यांच्या वेळा आणि सकाळचे चालणे तिन्ही दिवशी सारखे ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. दोन तासांनंतरचा आकडा साधारणपणे १८० च्या आत राहावा अशी अपेक्षा असते. एकच पदार्थ दोन माणसांत वेगळे आकडे दाखवतो, तेव्हा यजमानांच्या शरीराने ओट्सपेक्षा पेजेला बरा कौल दिला तर मला आश्चर्य वाटणार नाही आणि मग आठवड्यातून चार दिवस पेज करायला माझी काही हरकत नसेल. कोलेस्टेरॉलसाठी लागणारा चिकट तंतू केवळ ओट्समध्येच असतो असेही नाही. जवात, ज्याला आपण सातू म्हणतो, त्यात हेच बीटा-ग्लुकान असते. अनेक जण ओट्सनाच सातू समजतात, तो गैरसमज आहे. इसबगोलाचे काम याच जातीचे आहे, आणि उसळींतून, वांग्यातून व सात शिरांच्या भेंड्यातूनही विद्राव्य तंतू मिळतोच. मधुमेह सहा वर्षांचा आहे, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्या; तिथे काही दोष निघाला तर ओट्स, डाळी आणि नाचणी या सर्वांचेच प्रमाण डॉक्टर ठरवून देतील.

तणनाशकाच्या संदेशाविषयी थोडक्यात. काही देशांत कापणीपूर्वी पीक एकसारखे वाळावे म्हणून ग्लायफोसेट फवारतात आणि त्याचे अंश ओट्समध्ये सापडलेले आहेत, हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली या रसायनाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात घातले, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्या मताशी सहमती दाखवलेली नाही. सापडणारे अंश बहुधा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असतात. तरीही एकच धान्य वर्षभर, दोन्ही वेळ खाऊ नये, हा जुना शहाणपणा इथेही उपयोगी पडतो.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला तुम्ही दोन ओळी दिल्या आहेत, मी थोड्या जास्त देते. ओट्स लोह पळवतात या म्हणण्यातील तथ्य एवढेच की त्यांत फायटिक आम्ल असते आणि ते त्या जेवणातील लोहाचे शोषण कमी करते. पण तसे ते नाचणीत, गव्हाच्या कोंड्यात आणि कडधान्यांतही असते, तेव्हा त्या भीतीने ओट्स सोडून नाचणी घेण्यात काही मिळवले असे होत नाही. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर क जीवनसत्त्वामुळे हा अडथळा बराच दूर होतो; आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर तो वाढतो, म्हणून चहा तासभर पुढे ढकला. नाचणी तुम्ही सोडू नका, पण ती लोहासाठी नव्हे, कॅल्शियमसाठी खा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि ओट्समध्ये त्याच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतके. तिझानात गूळ किती घालता तेवढे पाहा, आणि नारळाचा रस पातळ ठेवा. तुमच्या तिझानाची वाटी यजमानांसाठी नाही. हिमोग्लोबिन ९.८ हे मात्र केवळ आहाराने भरून निघेल अशा आशेवर बसण्यासारखे नाही. या वयात पाळी अनियमित होऊन रक्तस्राव जास्त होत असेल, मूळव्याध असेल, पोटात कुठे रक्त जात असेल, तर ते कारण शोधणे प्रथम, आणि ते डॉक्टरच शोधू शकतात. लोहाची गोळी मिळाली तर ती आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवा; कॅल्शियमच्या गोळीलाही हाच नियम. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नका, चहासुद्धा नको, कारण दूध, कॉफी आणि तंतुमय नाश्ता या सर्वांमुळे तिचे शोषण घटते. तेवढे अंतर पाळले तर ओट्स तुम्हालाही वर्ज्य नाहीत. एकाएकी वाटीभर सुरू करू नका. पहिले आठ दिवस दोन चमचेच घ्या आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट फुगेल आणि ओट्स मानवत नाहीत असा तुमचा ग्रह होईल.

सासूबाईंना ओट्स खाऊ घालण्याचा आग्रह कुणी करू नये. त्यांना साखरेचा त्रास नसेल तर त्यांची उकड्या तांदळाची पेज त्यांना दोन्ही वेळ द्या, त्यात मूगडाळ शिजवून घोटा, आणि निवळ गाळून बाजूला ठेवण्याऐवजी तीही त्यांना प्यायला द्या. बद्धकोष्ठाची तक्रार असेल आणि त्यांनीच मागितले, तर चांगले शिजवून सैल केलेले थोडे ओट्स त्याच पेजेत मिसळता येतील. त्यांना ते कळू न देता मिसळू मात्र नका. त्यांची जीभ तुमच्या-माझ्याहून तयार आहे आणि एकदा पकडले गेले की पेजेवरचाही विश्वास उडेल.

राहिला प्रश्न मुलाने पाठवलेल्या खोक्यांचा. त्याला मनापासून कळवा की मसाल्याची पाकिटे नकोत आणि साध्या ओट्सचे एक किलोचे एकच खोके पंचवीस नाश्त्यांना पुरते. ओट्समध्ये इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त, शंभर ग्रॅमला सुमारे सात ग्रॅम असतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत उघडलेले खोके ओट्याखालच्या कपाटात राहिले तर त्यांना खवट वास येतो आणि किडेही होतात. जून ते सप्टेंबर ते घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. घरात आधीच साठलेल्या मसाल्याच्या पाकिटांतला मसाला वेगळ्या पुडीत असेल तर ती पुडी बाजूला काढून नुसते ओट्स वापरून टाका. मसाला आतच मिसळलेला असेल, तर ती पाकिटे मुलगा चतुर्थीला घरी आला की त्यालाच परत बांधून द्या.